बॉम्बे डकची शिकार आणि ‘जरा सरकून घ्या’

बदकांच्या शिकारीचे मॅनर्स असतात, हे तुम्हाला माहीत आहे? नाही ना? आपल्याला ऑफिसच्या पॅण्ट्रीतले मॅनर्स पाळता पाळता नाकी नऊ येतात, तिथे बदकांचं काय घेऊन बसलात! पण खरंच असतात. अमेरिकेत किंवा युरोपात जिथे परवाना काढून रानबदकं मारता येतात, तिथे भल्या पहाटे लोक दलदलीत जाऊन बसतात. अंगावर गवताच्या रंगाचे कपडे, समोर पाण्यात प्लॅस्टिकची खोटी बदकं आणि हातात बंदूक. आणि पहिला धडा बंदूक कशी चालवायची हा नसतोच मुळी. पहिला धडा असतो, शेजारच्या टोळीपासून किती लांब बसायचं!

नियम साधे आहेत. जो आधी आला, जागा त्याची. उशिरा येणाऱ्याने त्याच्या पुढ्यात जाऊन बसायचं नाही. बदकं ज्या वाटेने त्याच्याकडे उतरताहेत, ती वाट अडवायची नाही. त्याच्या खोट्या बदकांवर भुलून खाली येणारा थवा आपण मध्येच टिपायचा नाही. आणि अर्थातच, आपले छर्रे त्याच्या टोपीत जाणार नाहीत एवढं अंतर ठेवायचं. जागा नसेल तर? गुपचूप घरी जायचं. झोप मोडली ती मोडली.

आता म्हणाल, हे आम्हाला कशाला? आपल्याकडे तर बंदूक घेऊन तळ्यावर गेलात तर पुढचा वीकएण्ड कोठडीत. बरोबर आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपली. त्याआधी मात्र आपल्याकडे हा शौक जोरात होता. राजस्थानात भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पार्टीने ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथल्या दगडावर आजही कोरलेला आहे. शिकाऱ्यांसाठी पाण्यात बसायच्या जागा ठरवून दिलेल्या असत. म्हणजे एका साहेबाचं दुसऱ्या साहेबापासूनचं अंतर अगदी पद्धतशीर! पक्ष्यांनाच काय ते अंतर मिळालं नाही. आता ती जागा केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे फक्त कॅमेरे चालतात.

तर आपल्याकडे बदकांची शिकार बंद. पण एक मिनिट! चर्चगेटहून डहाणू लोकल पकडा आणि विरार मागे टाका. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर... या पट्ट्यातल्या कुठल्याही स्टेशनला उतरून समुद्राकडे जाणारी रिक्षा पकडा. तिकडे ‘डक’ची शिकार वर्षाचे दहा महिने बिनधास्त चालू असते. बॉम्बे डक! म्हणजे आपला बोंबील हो.

(बोंबलाला हे नाव टपालाच्या गाडीवरून, म्हणजे ‘डाक’वरून पडलं अशी एक गोड गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पार्टीत सांगायला छान आहे, पण हे नाव इंग्रजी पुस्तकात छापून आलं तेव्हा बोरीबंदरहून पहिली गाडी सुटायची होती. ती सुटली १८५३ मध्ये. असो.)

आणि गंमत अशी की या ‘डक’च्या शिकारीतही सगळा मामला अंतराचाच आहे.

पाणी गाळायचं दुकान

बोंबील पकडायचं जाळं म्हणजे डोल. एक मोठी थोरली पिशवी समजा. तोंड रुंद, मागे निमुळती होत गेलेली, शेपटाकडे आस अगदी बारीक. आस म्हणजे जाळ्याचं भोक. हे जाळं कुणी ओढत नाही. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. त्यासाठी तळाच्या चिखलात खुंट मारायचे आणि त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं. भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहायला लागलं की तोंड उघडतं, पाणी आत शिरून मागून निघून जातं आणि बोंबील, जवळा, करंदी आत राहतात. चहाच्या गाळणीसारखं. फक्त गाळणी स्थिर आणि चहा धावतोय.

म्हणूनच सगळं गणित पाण्याच्या ओढीचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला जोर. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी सुस्त. आपल्या ऑफिसात महिनाअखेरीला जशी धावपळ आणि नंतर शुकशुकाट, तसंच. फक्त यांचं कॅलेण्डर चंद्र छापतो.

आता विचार करा. तुम्ही एका जागी जाळं बांधलंत. दुसऱ्या कुणी येऊन अगदी तुमच्या पुढ्यात, पाणी येतं त्याच बाजूला, आपलं जाळं बांधलं. काय होईल? त्याच्या जाळ्याने गाळलेलं पाणी तुमच्याकडे येईल. त्याने चहा घेतला, तुम्हाला चोथाही नाही! म्हणून डोलवाल्यांच्या खुंटांच्या जागा पूर्वापार ठरलेल्या. कुणाची जागा कुठे, पुढच्याने मागच्याला किती पाणी सोडायचं, हे त्या त्या बंदरातल्या लोकांना तोंडपाठ. समुद्रावर ना कुंपण, ना सातबारा, ना सोसायटीचा वॉचमन. तरी चालतं. कारण ज्याच्या पुढ्यात तुम्ही आगाऊपणाने खुंट माराल, तो उद्या सकाळी किनाऱ्यावर भेटणार असतो. त्याच्या मुलीच्या हळदीला तुम्ही जाणार असता. तुमचं इंजिन मध्येच बंद पडलं तर दोर टाकायला तोच येणार असतो.

हाच मॅनर्सचा खरा पाया, मंडळी. उद्या पुन्हा भेट होणार आहे, हे माहीत असणं.

समुद्रात कवी फार झाले!

समुद्रात मारलेल्या या खुंटांना पालघरकडे ‘कव’ म्हणतात. एक कव, अनेक कवी. त्यामुळे ‘समुद्रात कवींची संख्या वाढल्याने मच्छीमार संतप्त’ अशा अर्थाची बातमी पालघरच्या पेपरात दिसली तर दचकू नका. कविसंमेलन नव्हे, भांडण चालू आहे. आणि ते भांडण हसण्यावारी नेण्यासारखं अजिबात नाही.

गोष्ट अशी. सातपाटी, मुरबे, वडराई, डहाणू या पट्ट्यातल्या अनेक होड्या दालदी मासेमारी करतात. दालदी म्हणजे वाहतं जाळं. एखाद्या लांबलचक पडद्यासारखं ते पाण्यात सोडायचं आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यायचं. पापलेट येतं, आसात डोकं घालतं, अडकतं. सातपाटीचं पापलेट नावाजलेलं आहे ते यामुळे. मोठा, पोसलेला मासा आणि अंगावरची चांदी शाबूत.

दक्षिणेकडच्या वसई, अर्नाळा, उत्तन, गोराई, मढ या बाजूला डोलवाले जास्त. पूर्वी शिडाच्या होड्या होत्या तेव्हा ज्याचा त्याचा समुद्र ज्याच्या त्याच्या गावासमोर. वाऱ्यावर आणि दंडाच्या ताकदीवर माणूस जाऊन जाऊन जाणार किती? मग स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांना इंजिनं बसली. होड्या मोठ्या झाल्या, बर्फ घेऊन लांब जाऊ लागल्या. पुढे हातात जीपीएस आलं. आणि दक्षिणेकडच्या कवी सरकत सरकत पालघर-डहाणूच्या समोरच्या पाण्यात आल्या.

आता एकाचं जाळं बांधलेलं आणि दुसऱ्याचं वाहणारं. चालत्या गाड्यांच्या रस्त्यावर कुणी ओळीने खांब रोवावेत, तसं झालं. वाहतं जाळं कवीत गेलं की फाटलंच. एका जाळ्याची किंमत म्हणजे तुमच्या नव्या बाइकचे हप्ते समजा, आणि त्यात त्या दिवसाचं डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार वेगळा. शिवाय पालघरवाल्यांची दुसरी तक्रार अशी की डोलीच्या बारीक आसात पापलेटची पिल्लंही जातात. आज पिल्लू गेलं की पुढच्या हंगामात आमच्या जाळ्यात काय येणार?

डोलवाल्यांचीही बाजू आहे हं. ते म्हणतात, समुद्र कुणाच्या बापाचा? मासा जिथे, तिथे आम्ही. वर्षानुवर्षं आम्ही तिथे जातोय, आमचेही खुंट जुनेच. आमच्या गावासमोर आता मासा उरला नाही, मग घर कसं चालवायचं? दोघेही दर्याचेच लेकरू, दोघांच्याही घरी नारळी पौर्णिमेला त्याच समुद्राला नारळ जातो. पण एकमेकांच्या हळदीला जाणारे राहिले नाहीत. ‘उद्या भेटणार आहे’ हा धागा तुटला आणि त्याबरोबर तोंडी नियमही गेला. मग बैठका, निवेदनं, मोर्चे, मत्स्यव्यवसाय खात्याच्या फेऱ्या. हा वाद आता अनेक दशकांचा झालाय. मुलं वडिलांकडून होडी घेतात, तसं हे भांडणही घेतात.

केबिनवाल्यांना भिंत, क्युबिकलवाल्यांना मॅनर्स

पण बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावर उभं राहून जरा डोळे उघडून बघितलं, की आणखी एक गोष्ट लक्षात येते. या समुद्रात ‘पार्ट्या’ फक्त दोन नाहीत.

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय. त्याच्या अगदी समोरच्या पाण्यात सुरक्षेपायी होड्यांना मज्जाव. लांब खोल समुद्रात तेल-वायूचे प्लॅटफॉर्म आहेत, त्यांच्याभोवती ५०० मीटरच्या आत जायचं नाही. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. प्रकल्प ७६ हजार कोटींहून मोठा, आणि त्यासाठी समुद्रात भराव टाकून १,४०० हेक्टरहून जास्त जमीन तयार करायची आहे. बंदर म्हटलं की जहाजांची वाट आली, आणि त्या वाटेत जाळं टाकून कसं चालेल? या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी बंदराला कडाडून विरोध केलाय, तो यासाठीच.

आणि आपण? तारापूर एमआयडीसीत नोकरी करणारे, तिथल्या कारखान्यांना सॉफ्टवेअर, मशीन नाहीतर इन्शुरन्स विकणारे कितीतरी वाचक असतील. तिथलं सांडपाणी पाइपलाइनने नवापूरच्या समुद्रात जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसवली. मच्छीमारांचं म्हणणं सरळ आहे. किनाऱ्याजवळचं पाणी बिघडलं की होडी आणखी लांब न्यावी लागते. आणि सगळेच लांब गेले की तिथे गर्दी होते. मग पुन्हा तेच. तुझं जाळं, माझी कव.

म्हणजे बघा, यातल्या मोठ्यांचं अंतर कायद्यात लिहिलेलं आहे. नकाशावर रेघ आहे, रेघ ओलांडली तर दंड आहे. लहानांचं अंतर मात्र तोंडी. ऑफिससारखंच की! केबिनवाल्यांना काचेची भिंत असते. क्युबिकलवाल्यांनी एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि वर मॅनर्सही त्यांनीच सांभाळायचे. केबिन दर वर्षी दोन फूट बाहेर सरकतेय आणि बाकीचे ‘तुझी खुर्ची माझ्या जागेत आली’ म्हणून भांडताहेत. त्यात दोघांचाही दोष शोधायला आपल्याला फार आवडतं. खुर्च्या मोजायच्या आधी केबिन मोजा, एवढंच म्हणायचंय.

लोकलमधली चौथी सीट आठवा. तिघांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो आणि तिघंही सरकतात. कुठल्याही रेल्वे कायद्यात ते लिहिलेलं नाही, तरी चालतं. पण पाचवा आला तर? तेव्हा चौघांच्या मॅनर्सची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. तिथे गाड्याच वाढवायला लागतात. कवीच्या भांडणाचंही तसंच आहे. दोन्हीकडचे समंजस लोक आणि सरकार एका टेबलाशी बसून, कुणाच्या कवी कुठपर्यंत आणि कुणाचं वाहतं जाळं कुठल्या पट्ट्यात, हे नकाशावर आखून घेत नाहीत, तोवर नुसत्या चांगुलपणाने ते मिटणारं नाही. मॅनर्सना मर्यादा असते. पुढचं काम नियमाने करायचं असतं, आणि तो नियम लहानांसाठीही लिहायचा असतो.

तुमची टोळी, तुमचं अंतर

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर फक्त केळव्याला किंवा चिंचणीला एक दिवस जाणार. सुरूच्या बागेत फोटो काढणार, मासे खाणार, सातच्या गाडीने परत. आमचा काय संबंध? आहे तर! किनाऱ्यावर पाऊल ठेवलंत की तुम्हीही एक टोळीच. मग हे एवढं पाळा:

१. वाळूत पसरलेली जाळी म्हणजे बीचवरची सजावट नाही. त्यावरून चालू नका, गाडी तर अजिबात घालू नका. तुटलेला एक आस विणायला हात लागतात, अॅप नाही.

२. बोंबील वाळत असतात त्या बांबूच्या मांडवाखाली उभं राहून फोटो हवाय? आधी विचारा. तिथे काम करणारी मावशी म्हणजे तुमच्या फोटोची बॅकग्राउण्ड नव्हे. आणि नाक दाबलेला फोटो तर नकोच. रविवारी घरी त्याच सुक्या बोंबलाची चटणी मागून घेताना आपण नाक कुठे दाबतो?

३. होडी लागली, लिलाव चालू झाला, की चार पावलं मागे. टोपल्या उचलणाऱ्याची वाट अडवू नका. बघायचं ते कडेला उभं राहून मजेत बघा.

४. गळ टाकायची हौस असेल तर धक्क्यावर आधीच बसलेल्यापासून लांब बसा. त्याच्या दोरीवरून आपली दोरी टाकू नका. बदकवाल्यांचा नियम इथेही चालतो. जो आधी आला, जागा त्याची.

५. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी वाळूवर कुरव पक्ष्यांचा थवा बसलेला असतो. तो उडाला की रील भारी येतं, हे खरं. पण ते लांबून उडत आलेले असतात आणि थकलेले असतात. तुमच्या दहा सेकंदांसाठी त्यांना पळवू नका. भरतपूरच्या साहेबांनी पक्ष्यांना न दिलेलं अंतर आपण देऊ या.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताटातलं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. म्हणजे साधारण तुमच्या मोबाइलपेक्षा थोडं कमीच. हॉटेलात ‘बेबी पापलेट फ्राय’ तळहातावर मावेल इतकं छोटं आलं तर ते आणणाऱ्याला गोड शब्दांत विचारा, याहून मोठं नाही का? नसेल तर बोंबील मागवा. १ जून ते ३१ जुलै होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका. सुक्याची चटणी, आंबट-तिखट कालवण... पावसात त्यासारखं दुसरं काही नाही.

एवढं केलंत म्हणून सातपाटी आणि वसईचं भांडण मिटणार आहे का? नाही. पण डोलीत पिल्लं जातात ती कुणीतरी विकत घेतं म्हणून जातात. आणि ते ‘कुणीतरी’ वांद्र्यात, ठाण्यात, पुण्यात, आपल्याच टेबलावर बसलेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी मेन्यूकार्ड उघडाल, तेव्हा शेजारच्या दोन टोळ्यांसाठी थोडं पाणी सोडा. आपल्या गाळणीतून सगळंच गाळून घ्यायलाच हवं असं नाही ना?